वेगेश्वर बापूंचं पुजलेलं चाक

गोकुळ शिरगावच्या पुढं, कागलच्या वाटेवर, एका बंद कारखान्याच्या काँक्रीटच्या पटांगणात रविवारी सकाळी तीनेकशे माणसं जमली होती. रिमोटवर पळणाऱ्या हातभर गाड्यांची निवड शर्यत होती. जिंकेल तो संघ राज्य स्पर्धेला जाणार. पण गर्दी शर्यतीकडं पाठ करून एका पिवळ्या पडद्याकडं बघत होती. पडद्याआड वेगेश्वर बापू बसले होते.

बापूंचा महिमा असा, की गाडी पडद्याआड द्यायची, मालकानं बाहेर थांबायचं, पाच मिनिटं चाकपूजन व्हायचं, आणि बाहेर आल्यावर ती सरळ पन्नास मीटर पळवायची. मी तंत्रनिकेतनातला वर्कशॉपचा मास्तर, घड्याळ घेऊन बसलेलो. पूजेआधी वेळ तीन पूर्णांक सहा सेकंद, पूजेनंतर तीन पूर्णांक तीन. घड्याळ खोटं बोलत नव्हतं, याचंच मला दुःख होतं.

"चाकात चक्र, चक्रात नाद, नादात वेग!" बापू माइकवर घुमले. "मोटर निमित्तमात्र. गाडी पळते ती श्रद्धेवर!"

मग बॅटरी कशाला घालता, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही.

"गाडी जरा वर उचलल्यागत दिसतीया की," एकजण पुटपुटला.

"ऊर्ध्वगती!" बापू गरजले. लोकांनी हात जोडले.

अट एकच होती. पुजलेलं चाक दिवसभर पुसायचं नाही, त्याला हत्यार लावायचं नाही. सकाळच्या सराव शर्यतीत आधीच दोन गाड्यांच्या मोटरी जळाल्या होत्या. बापूंनी डोळे मिटून सांगितलं, "विटाळ झाला." मोटर जळाली की दोष मालकाचा, पळाली की श्रेय बापूंचं. असा धंदा कुणाला नको?

आमच्या तंत्रनिकेतनाच्या संघाची गाडी श्रेणिक चालवायचा. चाकं आणि दातेरी चक्रं बघायचं काम दीक्षाचं. बासष्ट मिलिमीटर व्यासाच्या चाकांना मोटरच्या दांड्यावर बावीस दातांचं छोटं चक्र, म्हणजे पिनियन, हा मेळ तिनं महिनाभर खपून बसवला होता. तरी श्रेणिकनं गाडी पडद्याआड दिलीच.

"सर, एकदा पूजा केली म्हणून बिघडतंय काय?"

बिघडलं ते सरावाच्या तिसऱ्या फेरीत. दोन फेऱ्या आमची गाडी सगळ्यांच्या पुढं होती. मग बुडाखालून धूर निघाला आणि ती जागच्या जागी बसली.

"आज चाकांना हात कुणाचा लागला?" बापूंनी विचारलं.

कुणीतरी दीक्षाकडं बोट केलं. तिचं आडनावही सांगितलं. बापूंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तरीच," ते म्हणाले.

एवढा एकच शब्द. त्यात काय काय भरलं होतं ते तीनशे माणसांना कळलं आणि एकानंही तोंड उघडलं नाही. मला त्या माणसाची किळस आली, आणि त्या गप्प बसणाऱ्यांची त्याहून जास्त. श्रेणिक खाली बघत म्हणाला, "दीक्षा, दुसरी मोटर आम्ही बसवतो. तू आज बाहेरच थांब."

अंतिम शर्यतीला तासभर होता. दीक्षा रडली नाही. तिनं माझ्या खिशातला खडू काढला आणि गाडीपाशी बसली.

"अगं, हत्यार लावायचं न्हाय!" चारजण ओरडले.

"खडू हत्यार हाय व्हय?"

तिनं कुंकवानं माखलेल्या चाकावर एक रेघ ओढली, जमिनीवर एक. चाकाचा बरोबर एक फेरा होईतो गाडी पुढं ढकलली आणि तिथं दुसरी रेघ मारली. मग जमिनीवर टेप ठेवली. साडेएकवीस सेंटिमीटरला जरा कमी. पेटीतलं आमचं जादा चाक फिरवलं. साडेएकोणीस.

"सर, ही चाकं आमची न्हाईत. ही अडुसष्टची हाईत."

मी उठून पडदा बाजूला ओढला. ताम्हणात झेंडूच्या फुलांखाली आमची चाकं होती, आणि पाटाखाली मोठ्या चाकांचं खोकं.

या गर्दीत निम्मे लोक उद्यमनगरातल्या कारखान्यांतले. केसाएवढा फरक सापडला तर ओतकामाचा अख्खा माल परत पाठवणारे! पण खंडेनवमीला पुजलेल्या यंत्राला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, ही त्यांची जन्माची सवय. बापूंनी नेमकी तीच हेरली होती. कुंकू दिसलं की यांची टेप खिशातच राहते.

"मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर तोडतं," दीक्षा म्हणाली. "म्हणून सरळ वाटेवर जोरात. पण सायकल मोठ्या गिअरवर टाकून चढ चढा की, मांड्या पेटत्यात का न्हाय? तशीच मोटर पेटली. चाक अडुसष्टचं घातलं तर पिनियन वीस दातांचं पायजे. मग मोटर वाचती, आणि वेगही पयल्याइतकाच राहतो."

"शब्दच्छल!" बापू म्हणाले. "वेग कसा वाढवशील, पोरी?"

तिनं दुसरी मोटर घातली, आमची छोटी चाकं लावली आणि सगळ्यांदेखत चोवीस दातांचं पिनियन बसवलं. पन्नास मीटर. तीन पूर्णांक तीन. कुंकू नाही, मंत्र नाही, पडदा नाही. मी वेळ ओरडून सांगितली आणि मागं वळलो तर बापूंची ध्यानाची वेळ झाली होती. ते आपल्या चारचाकीत बसत होते.

"सॉरी," श्रेणिक तिच्या कानाशी म्हणाला.

"मला बाहेर काढलंस ते सगळ्यांम्होरं. आता माइकवर बोल."

तो माइकवर बोलला. आपली चूक सगळ्यांना सांगितली. चोवीसनंही मोटर जळलीच असती, म्हणून दीक्षानं बावीसचं पिनियन परत बसवलं. गाडी दहाच्या दहा फेऱ्या पळाली, मोटर कोमट राहिली, आणि आम्ही पहिले आलो.

वाचकहो, मोजता येतं ते आधी मोजा. मोजू न देणारा माणूस काहीतरी लपवतो आहे, एवढं समजायला कुठल्याही पदवीची गरज नाही.

पण मी हे कुणाला सांगतोय? बक्षीस घेऊन दीक्षा वळते तोच बापूंचे सकाळचे भक्त हातात गाड्या घेऊन तिच्यापुढं रांग लावून उभे होते.

"ताई, आमच्या बी चाकाला तेवढा हात लावा की! तुमच्या हाताला यश हाय!"

दोन तासांपूर्वी याच हाताचा त्यांना विटाळ झाला होता. दीक्षानं पहिल्या माणसाच्या तळहातावर खडू ठेवला आणि म्हणाली, "रेघ मारा, पावणं. तुमची तुम्हीच."