अच्युतरावांची हनुवटी आणि सलूनचा परवाना

"राज्य तलवारीने मिळवता येते, पण चालते ते नियमांनी," असे म्हणून अच्युतराव देऊस्करांनी टेबलावर मूठ आपटली. टेबलाच्या पायाखालची वीट सरकली आणि शाईची दौत नियमांच्या पुस्तकावर आडवी झाली.

साल सत्तावन्न. राजधानी नागपूरहून भोपाळला आली, तसे आम्ही परवाना विभागाचे कारकूनही फायलींबरोबर बांधून आणले गेलो होतो. चार जुन्या राज्यांचे मिळून एक नवे राज्य झाले होते आणि चौघांचे नियम आमच्या एकाच कपाटात कोंबले होते. कपाट बंद होत नसे.

अच्युतरावांसमोर काशिनाथ उभा होता. नागपुरात आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर त्याचाच हात असायचा. डोकी भोपाळला निघाली, तेव्हा सीताबर्डीचे दुकान भावाला देऊन तोही मागोमाग आला. सरकारी क्वार्टरांजवळ मुन्ने मियाँची खोली त्याने ठरवली, खुर्ची आणि आरसा आणून ठेवला. राहिला होता फक्त सलूनचा परवाना. तो महिनाअखेर मिळाला नाही, तर खोली जलेबीवाल्याला जाणार होती, आणि काशिनाथला परतायला नागपुरात आता दुकान नव्हते.

अडचण एका नियमाची होती. अर्जदाराने परवाना अधिकाऱ्याची दाढी करून दाखवावी. शिपायाची चालणार नाही. हे शेवटचे वाक्य पूर्वीच्या शिपायांनी बरेच रक्त सांडून मिळवले असावे.

आणि परवाना अधिकारी अच्युतराव छातीपर्यंत दाढी घेऊन बसले होते. त्यांच्या पत्नी सिंधूताई गरोदर होत्या. बायकोला दिवस गेले की नवऱ्याने वस्तरा लावायचा नाही, हा अच्युतरावांच्या मातोश्रींचा, म्हणजे रत्नप्रभाबाईंचा नियम. आणि तो कुठल्याही पुनर्रचनेत विलीन झालेला नव्हता.

मी माझी हनुवटी पुढे करून पाहिली. अच्युतराव म्हणाले, "तुमची हनुवटी राजपत्रित नाही." मजल्यावर दुसरे राजपत्रित अधिकारी होते ते एक सरदारजी. त्यांना विचारायला कोणी गेले नाही.

तेव्हा फाइलवर शेरा पडला, 'प्रसूतीनंतर सादर करावे.'

त्या दिवसापासून काशिनाथ रोज सकाळी कचेरीत यायचा आणि सिंधूताईंची चौकशी करायचा. झोप लागते का, पाय सुजलेत का, जेवण जातं का. सख्ख्या भावानेही इतकी केली नसती. हळूहळू सगळा विभागच त्या बाळंतपणात गुंतला. एकदा खुद्द मुन्ने मियाँ जिना चढून आले. माणूस वाईट नव्हता, पण जलेबीवाल्याची कढई दारात येऊन पडली होती.

"को खाँ काशीनाथ," त्यांनी दमलेल्या आवाजात विचारले, "बच्चा कब हो रिया है?"

महिन्याच्या अखेरच्या दिवशी पहाटे मुलगी झाली. बातमी कळताच काशिनाथने पेटी काखेत मारली आणि आम्ही दोघे इस्पितळात पोचलो. व्हरांड्यात अच्युतराव दाढीतल्या दाढीत हसत होते. पेढे देऊन झाल्यावर त्यांचा चेहरा पडला. आता दहा दिवस सोयर होते, आणि सोयरात वस्तरा कसा लावायचा? अकराव्या दिवशी ये, असे ते जमिनीकडे बघत म्हणाले.

काशिनाथ बाकावर बसला. "साहेब, खोली आज संध्याकाळी जाते," एवढेच बोलला. अच्युतराव म्हणाले, मी तरी काय करू, आत आई आहे.

तेवढ्यात रत्नप्रभाबाई नात घेऊन बाहेर आल्या. बाप कौतुकाने वाकला. मुलीने असा टाहो फोडला की नर्स धावत आली. बाप मागे सरकला, मुलगी शांत. पुन्हा वाकला, पुन्हा टाहो. चार तासांच्या जिवाला काय दिसत असेल ते डॉक्टर जाणोत, पण तिसऱ्या टाहोला रत्नप्रभाबाईंनी मुलाकडे नीट पाहिले.

"अच्युत, हे जंगल आधी उतरव."

"पण आई, सोयर आहे ना?"

"सोयराचं मी बघते. पोर रडून रडून निळी होईल तुझ्यापायी."

आवारातल्या कडुनिंबाखाली स्टूल मांडले. मी कचेरीतून कोरा परवाना आणेपर्यंत काशिनाथने कात्रीने दाढी छाटून साबण लावला होता.  मग त्याने गालाला वस्तरा लावला. उजवी बाजू झाली. अच्युतरावांनी गालावरून बोटे फिरवली, तीन-तीनदा फिरवली, मग पेन मागितले आणि माझ्या पाठीवर परवाना ठेवून सही केली.

काशिनाथने परवाना घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग झाडाला टेकून एक मोठा श्वास सोडला, इतका मोठा की महिनाभर कोंडून ठेवला असावा. मलाही उगाचच हलके वाटले. मुन्ने मियाँना कळवायला मी निघणारच होतो.

अच्युतरावांनाही भरून आले. काशिनाथ फेसातल्या उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर वस्तरा चालवत असतानाच त्यांनी हात वर केला. "काशिनाथ, आज माझ्या घरी कन्या आली आणि तुझ्या हाती परवाना. या नव्या राज्याच्या इतिहासात हा दिवस..."

"साहेब," काशिनाथ म्हणाला, "जरा तोंड मिटा. वस्तरा मिशीपाशी आलाय."