बंबाच्या वाटेत

वहिनींनी पुष्पचक्र अग्निशमन केंद्रप्रमुखाच्या हातातून हिसकावलं आणि टेबलावर आपटलं.

“ज्यानं त्यांना वर पाठवलं, त्यानंच हे वाहावं.”

केंद्रप्रमुखानं मान खाली घातली. उंच इमारतीतल्या त्या आगीला आज दहा वर्षं झाली होती. स्मृतिदिन म्हणून देशभर झेंडे अर्ध्यावर होते. तेव्हा तो तुकडीचा म्होरक्या होता आणि वहिनींचा नवरा त्याच्या हाताखाली. वर अजून माणसं आहेत म्हटल्यावर त्यानं त्याला पुन्हा जिन्यानं धाडलं. तो गेला, परतला नाही. त्याआधी त्यानं खांद्यावरून उतरवलेली माणसं आज पटांगणात पहिल्या रांगेत बसली होती.

“वहिनी, पाहुणे ताटकळलेत. निदान आज तरी...”

“का? आज माझे डोळे फोटोत ओले दिसायला हवेत?”

बाहेर प्रमुख पाहुण्यांचं भाषण कर्ण्यातून घुमत होतं. बलिदान, बलिदान.

“ऐकलंत?” वहिनी म्हणाल्या. “बळी आपणहून जात नसतो, साहेब. कुणीतरी देतो.”

तो काही बोलणार तोच घंटा खणखणली. लाकडाच्या वखारीला आग, आत कामगार. भाषण ऐकत उभे असलेले जवान रांग मोडून धावले, बुटांत पाय खुपसत बंबावर चढले. केंद्रप्रमुखही पळाला. वहिनी त्याच्यामागून दारात आल्या.

बंब सुरू झाला आणि जागीच थांबला. फाटकात पाहुण्यांची गाडी आडवी उभी होती.

“साहेबांचं भाषण संपल्याशिवाय हलवायची नाही, असा हुकूम आहे,” काच जेमतेम खाली करून ड्रायव्हर म्हणाला.

“हुकूम गेला खड्ड्यात!”

वहिनींनी गाडीच्या टपावर अशी थाप मारली की कर्णा गप्प झाला. सगळ्या माना वळल्या.

“बाई, जरा सबुरीनं...”

“तिकडे माणसं जळतायत, आणि मला सबुरी शिकवतोस? काढ गाडी, नाहीतर ही काच तुझ्या मांडीत पाडते!”

त्यांनी खरोखरच मांडवाच्या कडेची खुर्ची उचलली. ड्रायव्हरनं घाईघाईनं गाडी मागे घेतली, ती थेट फुलझाडांच्या वाफ्यात. बंब पुढे सरकला तशा वहिनी खिडकीपाशी धावल्या. केंद्रप्रमुखानं डोकं बाहेर काढलं.

“मोजून नेताय,” त्या दातओठ खात म्हणाल्या. “मोजून आणा.”

पाहुणे गेले, मांडव रिकामा झाला. वहिनी जवानांच्या बाकावर बसून राहिल्या. कुणी चहा विचारला, त्याच्यावरही खेकसल्या.

ऊन कलल्यावर बंब परतला. एकेक जण उतरला, काजळलेला, खोकत. एकाच्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं होतं. वहिनी प्रत्येकाच्या तोंडाकडे रोखून पाहत होत्या. केंद्रप्रमुख सर्वांत शेवटी उतरला.

“कामगार वाचले. आपलेही सगळे आले, वहिनी.”

“डोळे आहेत मला.”

तो तसाच उभा राहिला. वहिनींनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. बाकावर एका माणसापुरती जागा झाली. तो अंग चोरून बसला.

त्याच्या कपड्यांना धुराचा उग्र वास येत होता. वहिनींनी तोंड फिरवलं, पण उठल्या नाहीत.