वादळ ओसरल्यावर

"बोर्डाचं सोल्डरिंग कोणी केलं होतं?"

राकेश सरांनी हे कुणाकडेच न बघता विचारलं, पण प्रयोगशाळेतले सगळे प्रितीकडे बघायला लागले. तिने हातातलं भिंग टेबलावर ठेवलं.

"मीच केलं, सर."

सकाळपासून उपग्रहाकडून काहीच येत नव्हतं. दादरच्या या कॉलेजने तो बनवला होता, चपलांच्या खोक्याएवढा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन अडकून त्यांचे पट्टे तयार होतात. त्या पट्ट्यांतून फिरायचं आणि तिथले इलेक्ट्रॉन, तिथल्या लहरी मोजायच्या, एवढंच त्याचं काम. प्रिती आधी रेडिओच्या कारखान्यात होती, तो बंद पडल्यावर इथे लागली. उपग्रहातला एकेक जोड तिच्या हातचा होता.

"पण वादळात तर काय झालं नाय त्याला!" ती म्हणाली. "कालपण चालू होता. आपण आवाज ऐकला ना?"

ऐकला होता. परवा सूर्याकडून आलेलं वादळ त्याने निभावलं होतं. काल त्याने टिपलेल्या लहरी, त्याची माहिती तपासणाऱ्या अनुजा मॅडमनी स्पीकरवर लावल्या, तर पहाटेची पाखरं किलबिलावीत तसा आवाज. संकट टळलं म्हणून सरांनी सगळ्यांना वडापाव मागवले. घरी जाऊन प्रितीने तो आवाज तोंडाने काढून मुलाला, संघर्षला, ऐकवला होता. तो हसून लोळला होता.

दुपारी अनुजा मॅडमनी तिला जवळ बोलावलं.

"प्रितीताई, बसा. शेवटी आलेली माहिती उलगडली."

पडद्यावर एक रेघ वर वर चढत गेली होती आणि चढता चढताच तुटली होती.

"वादळाने नाही गेला तो. वादळामागून ज्या लहरी उठल्या, त्यांनी गेला. इलेक्ट्रॉनची आणि लहरीची गती जुळली की लहर त्याला रेटते. पुन्हा जुळली, पुन्हा रेटते. करता करता इतका जोर येतो की इलेक्ट्रॉन पत्र्यातून आरपार जाऊन बोर्डाच्या पोटात शिरतात. तिथे साठतात. मग एकच ठिणगी."

"कुठल्या लहरी, मॅडम?"

अनुजा मॅडमनी स्पीकरकडे बघितलं.

"काल ऐकल्या त्याच."

"म्हणजे तो तिकडे मरत होता, नि आपण इकडे वडापाव..."

"कळायला मार्गच नव्हता, ताई. तुमचे जोड शेवटपर्यंत धरून होते. म्हणून तर ही रेघ मिळाली."

राकेश सर उठून आले. "सॉरी, प्रिती. मी उगाच..."

तिने नुसती मान हलवली. बरं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं.

"आता खाली पडेल?"

"नाही," अनुजा मॅडम म्हणाल्या. "फिरत राहील. बरीच वर्षं."

"तसाच?"

"तसाच."

प्रिती वरळीला चाळीत पोचली तेव्हा उन्हं अजून होती. कुलूप न उघडताच ती दाराशी खाली बसली. पायांतल्या चपलासुद्धा काढल्या नाहीत. शेजारची राधा बाहेर आली आणि तिचा चेहरा बघून चरकली.

"काय गं? कोण गेलं?"

प्रितीने तोंड उघडलं, पण कोण म्हणून सांगायचं ते सुचेना. डोळे मात्र भरून आले.

राधा आत जाऊन चहा घेऊन आली, कप प्रितीच्या हातात दिला आणि तिला चिकटून बसली. समोरच्या खोलीतल्या जयवंतकाकांनी दोघींकडे एकदा बघितलं आणि चालू असलेला टीव्ही बंद केला.