पस्तीस पट्ट्यांचा कोरस

जुन्या रॉक रेकॉर्ड पुन्हा काढायच्या असल्या, की कंपनी त्या आधी माझ्याकडे पाठवते. मागे वाजतंय ते खरं व्हायोलिन की मशीन, हे कानांनी ओळखून मी यादी करायची, आणि ती यादी रेकॉर्डसोबतच्या पुस्तिकेत छापतात. मशीन म्हणजे टेपवाला कीबोर्ड. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एकेक तुकडा असतो आणि त्यावर एकेकच सूर भरलेला असतो, कोणीतरी खरोखर वाजवलेला किंवा गायलेला. पट्टी दाबली की टेप सरकते आणि सूर ऐकू येतो. आठ सेकंदांत टेप संपते, मग कितीही दाबून धरा, आवाज बंद. शिवाय टेप जराशी थरथरते. त्या थरथरीवर माझं पोट चालतं. बसमध्ये, दवाखान्यात, कुठेही गाणं लागलं की मी "मशीन!" म्हणून ओरडतो, त्यामुळे बायको माझ्याबरोबर कुठे यायला राजी नसते.

या वेळी आली ती आत्याची रेकॉर्ड.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची, टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली. या रेकॉर्डवरच्या कोरसमध्ये आपण गायलो आहोत, असं ती पन्नास वर्षं सांगत आली आहे. कव्हरवर कोरसचा उल्लेखच नव्हता. बाबा शेवटपर्यंत तिला चिडवायचे, "आमची ताई इतकी हळू गायली, की कव्हर छापणाऱ्यांना ऐकूच आलं नाही." मी लहानपणापासून आत्याच्या बाजूने भांडायचो. आता यादी माझ्याच हातात होती, तेव्हा लहानपणानंतर कानावर न पडलेली ती रेकॉर्ड ऐकायच्या आधीच फोन करून मोकळा झालो, "आत्या, तुझं नाव छापतोय." उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

मग ऐकायला बसलो. कोरस सुरू झाला आणि आठव्या सेकंदाला कापल्यासारखा थांबला. पुढच्या वेळीही आठच. वरचा एक सूर तीनदा येतो, आणि तिन्ही वेळा त्यातला एक आवाज किंचित उशिरा मिसळतो, अगदी तेवढाच उशिरा. माणसं तीनदा हुबेहूब तीच चूक करत नाहीत, मशीन करतं. हा उशीर तर माझ्या चांगल्या ओळखीचा होता. आणखी अकरा रेकॉर्डवर मी तो पकडला होता आणि त्याला 'लंगडी पट्टी' असं नावही ठेवलं होतं. म्हणजे स्टुडिओत कोरस उभाच राहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि आधी बोलून बसल्याबद्दल स्वतःचा रागही आला.

यादीत खोटं लिहिणं जमणार नव्हतं आणि फोनवर सांगणं जिवावर आलं, म्हणून दुपारी तिच्या घरी गेलो. ती मटार सोलत बसली होती. मीही शेजारी बसून सोलायला लागलो आणि चार शेंगांनंतर जे होतं ते सांगून टाकलं.

"म्हणजे मी खोटारडी?" आत्या म्हणाली.

"तसं नाही गं. तुझ्या आठवणीत काहीतरी गल्लत होत असेल."

"गल्लत तुझ्या कानांत! मला स्वतःचा आवाज कळत नाही होय? आणि मग तो अख्खा दिवस मी स्टुडिओत काय झक मारत होते?"

"बरं, गाणं कोणतं गायलात? शब्द आठवतात?"

"शब्द नव्हतेच. सात जणी होतो. नुसतं आ करायचं. एक माणूस घड्याळ घेऊन उभा. त्याने हात खाली केला की थांबायचं, मग पुढचा सूर. असे पस्तीस. मला वाटलं, ही तालीम असेल, गाणं उद्या. उद्या कोणी बोलावलंच नाही. वर्षभराने रेडिओवर हे लागलं, तर आवाज आमचे! म्हटलं, तालमीतलंच घेतलेलं दिसतंय."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या कीबोर्डला पट्ट्या पस्तीसच असतात. म्हणजे त्या दिवशी तालीम नव्हतीच, मशीनच्या टेप भरल्या जात होत्या.

"आत्या, एखादा सूर कोणाचा चुकला होता का?"

"चुकला म्हणजे! वरचाच एक. शेजारी माझी मैत्रीण पिंगी होती, तिला शिंक येत होती. ती दाबता दाबता उशिरा शिरली. पुन्हा घ्या म्हणत होती बिचारी, पण जेवायची सुट्टी झालेली. घड्याळवाला म्हणाला, चालतंय. तो उशीर माझा नाही हं, सांगून ठेवते."

वीस वर्षं मी जिला मशीनची खोड समजत होतो, ती पिंगीची शिंक होती. आणि तिच्या शेजारी माझी आत्या अगदी वेळेवर गात होती, एका नव्हे, बारा रेकॉर्डवर. मी हे सांगितल्यावर ती रडेल असं मला वाटलं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," ती म्हणाली. "एवढे कान घेऊन हिंडतोस आणि सख्ख्या आत्याचा आवाज ओळखत नाहीस."

मी खुशीत वही काढली. "आता छापतोच. टेपवरचा कोरस, आणि पुढे तुझं नाव."

"एकटीचं? खबरदार! सात जणी होतो."

स्वतःचं धरून पाच नावं तिने धडाधड सांगितली. सहावं आणि सातवं काही आठवेना. मग तिने पिंगीला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला.

"पिंगे, तुझा उशीर सापडलाय माझ्या भाच्याला. बारा रेकॉर्डवर आहे."

"अगं बाई! बारा?" पलीकडून आवाज आला. "मी घसा फोडून सांगत होते, पुन्हा घ्या!"

दोघी इतक्या हसल्या, की आत्याला ठसका लागला. सहावं नाव पिंगीला पाठ होतं. सातवं तिलाही येईना. कोपऱ्यात उभी होती, दिवसभर कोणाशी बोलली नाही, गळा मात्र सगळ्यांत गोड, एवढंच दोघींना आठवत होतं.

"ते गाणं लाव बघू," पिंगी मला म्हणाली.

मी तेवढा तुकडा लावला. आठ सेकंद. "परत," आत्या म्हणाली. परत लावला. तिने डोळे मिटले होते आणि ती बोटांवर आवाज मोजत होती. मीही मोजायला लागलो. इतक्या वर्षांत त्या टेपमधली माणसं मोजावीत असं मला कधी सुचलंच नव्हतं. पिंगी, आत्या, मग एक जाड आवाज, एक नाकातला. पाचव्यांदा लावल्यावर सगळ्यांच्या खाली एक बारीक, शांत सूर मला वेगळा ऐकू आला. मी काही म्हणणार, तोच दोघी एकदम तिचं नाव बोलल्या.