आय वर्क हिअर

कारखाना परदेशी माणसाने विकत घेतला आणि कामगारांना इंग्रजी शिकवायला बाई येऊ लागल्या. शिकवतायत म्हणजे कामावर ठेवणारच, असं लेथ चालवणाऱ्या दादांनी धरूनच टाकलं. इंग्रजीशी जन्माचं वाकडं, तरी पन्नाशीत 'आय वर्क, ही वर्क्स' घोकू लागले. बायको भांडी घासता घासता विचारायची, "आणि आत्ता चाललंय ते?"

"आय अ‍ॅम वर्किंग!"

"जमतंय की म्हाताऱ्याला!"

नवे मालक कारखाना बघायला आले, तेव्हा दादांनी हात पुसले आणि एका दमात म्हटलं, "आय वर्क हिअर."

"गुड," म्हणत मालकांनी हात मिळवला. मग दादांना हलकेच बाजूला सारून त्यांनी टेप काढली. आधी लेथची लांबी मोजली, मग दाराची रुंदी.