चौथं कलम

गंजलेली टाचणी निघता निघत नव्हती. शंभर वर्षं त्या अर्जाच्या कोपऱ्यात रुतून बसलेली. जोर लावला तर कागदच हातात यायचा, म्हणून ती टाचणीला नखाने, श्वास धरून, केसभर केसभर सरकवत होती... आणि टाचणी सुटली तेव्हा तिच्या लक्षात आलं, कागदाला बारीकशी चीर गेलीय. दप्तरखान्यात जुने कागद सांधण्यात पंचवीस वर्षं गेली, तिच्या हातून कधी चीर गेली नव्हती. मंगळवारपर्यंत तरी नाही.

परक्यांचं राज्य असताना याच गावातल्या एकशे अकरा माणसांनी सह्या करून पाठवलेला हा अर्ज. त्या राज्याच्या जुलमाचं प्रदर्शन भरवायचं सरकारच्या मनात आलं होतं. कागद साफ करायचा, खळ लावून सांधायचा, शेजारी ठेवायला सुवाच्य नक्कल करायची, एवढंच तिचं काम. अर्थ लावणं तिचं काम नव्हे. पण नक्कल करायची म्हणजे वाचावं लागतं, अक्षर अन् अक्षर.

'कलम चवथें. सरकारचे लोक हुकूम न दाखवितां घरांत शिरतात. शेजाऱ्यांस साक्षीस बोलावून कोऱ्या कागदावर सह्या घेतात. नेलेल्या माणसाचा ठावठिकाणा घरच्यांस सांगत नाहींत.'

कोऱ्या कागदावर.

तिने आधी दाराकडे पाहिलं. जणू कुणीतरी तिचंच मन वाचत होतं...

मंगळवारी सकाळी साध्या कपड्यातले तिघे दारात. "बाई, पाच मिनिटं. शेजारी झडती आहे, साक्षीदार लागतो." शेजारी म्हणजे मास्तर, स्वतःच्या विनोदाला सगळ्यांआधी स्वतःच हसणारे. त्यांची पुस्तकं जमिनीवर पसरलेली, बायको भिंतीला टेकून उभी, आणि पुढे आलेला कागद. "यात तर काहीच लिहिलेलं नाही," ती म्हणाली होती. "आम्ही भरू नंतर," त्यातला एक म्हणाला, आणि मग अगदी घरच्यासारखी चौकशी करत, "तुमच्या नोकरीची किती वर्षं राहिली हो?" — एवढंच. तिने सही केली. सवयीने खाली तारीखसुद्धा घातली!

मास्तरांना त्यांनी नेलं. कुठे, ते आज सोमवार आला तरी कुणी सांगत नव्हतं.

दुपारी दप्तरखान्याच्या साहेबांनी नक्कल वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"चौथं कलम नाही घेतलं तर?"

"मूळ अर्जात आहे, साहेब."

"मूळ अर्जात असेल हो. पण लोक हल्ली कशाचाही अर्थ काढतात. मूळ कागद दुमडून ठेवू काचेत." साहेबांनी उठून खिडकी लावली. खाली तर नुसती वाहनं उभी होती... त्यांच्या हाताखालच्या बारा वर्षांत त्यांचा आवाज इतका बारीक झालेला तिने ऐकला नव्हता. म्हणजे हेही भ्यालेत. म्हणजे सगळेच.

"काढते," ती म्हणाली.

आणि काढलं. तिसऱ्यानंतर पाचवं आलं, त्याला चौथा आकडा दिला. कुठे फट दिसेना. मग मूळ कागद दुमडताना सह्यांवर नजर गेली. काही ठसठशीत, काही अंगठे, एक तर ओळीखाली घसरत गेलेली. पूर्वी ती म्हणाली असती, म्हातारा असेल. आज तिला वाटलं, हा भ्याला होता. भ्याला होता, आणि तरी याने सही केली. मीही भ्याले, म्हणून सही केली... दोन्ही सह्याच की! तिने घडी दाबली.

संध्याकाळी जिन्यात मास्तरांची बायको भेटली. चपला धुळीने भरलेल्या. आजही कुठल्या कुठल्या कचेऱ्या पालथ्या घालून आलेली. आता विचारणार. विचारलं नाही तर बरं. ती अंग चोरून पुढे सरकली.

"ताई, एक विचारू? वकील विचारत होते. तुम्ही सही केलीत त्या कागदात काय लिहिलं होतं?"

घाईत होते, नीट वाचलं नाही, चष्मा नव्हता... सगळी उत्तरं तयार होती, सहा दिवस घोकलेली.

"कोरा होता," ती म्हणाली.

खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं. कुणी ऐकलं का? भीती गेली नव्हती. समोरच्या बाईने कठडा घट्ट धरला. आणि तिला स्वतःला नवल वाटत होतं ते याचं, की इतकी घाबरलेली असूनही आपल्याला पुढचं सांगावंसं वाटतंय... खालच्या पायरीवर पाऊल वाजलं. "आम्ही भरू नंतर, असं म्हणाले," ती सांगत गेली, आणि तिने आवाज खाली आणला नाही.