चुलीपाशी राजाचं लेकरू

ग्रीसच्या उत्तरेकडच्या मोलोसियाचा राजा आंद्रोकादास याने आपल्या दोन वर्षांच्या पोराला सकाळीच डोंगरातल्या आजोळी धाडून दिलं, तेव्हा फिन्तो दाईला कळायचं ते कळलं. पोराला ताप नव्हता, की गावात साथ नव्हती. राजाला भीती होती ती सख्ख्या भावाची. तीही त्याच्या तलवारीची नव्हे, मांडीची.

मोलोसियात रीत आहे. ज्याच्या जिवावर बेतलंय असा माणूस राजाच्या घरात शिरला आणि राजाचं लेकरू मांडीवर घेऊन चुलीपाशी बसला, की त्याला कोणी हात लावायचा नाही, मांडीवरच्या लेकरालाही नाही. मग तो चोर असो, शत्रू असो. राजाचंही तिथे काही चालत नाही. आंद्रोकादासने रीत मोडली नाही, नुसतं लेकरू हलवलं. राजे लोक असाच धर्म पाळतात.

धाकटा गेनोआस दोन महिने रानात लपून होता. बाप शेजारच्या इलिरियनांशी लढताना पडला, त्या दिवशी मोलोसियात घरटी एक माणूस मेला. थोरला आसनावर बसला. पाच वर्षांनी धाकट्याला वाटलं, अर्धं आपलं. वसंतात नदीच्या उतारावर दोघांची माणसं एकमेकांना भिडली, ऐंशी जण मेले आणि गेनोआस हरून पळाला. उद्या पास्सारोनच्या देवळात शपथ होती. वर्षातून एकदा राजा झ्यूसपुढे म्हणतो, रीतीने राज्य करीन; लोक म्हणतात, तुझं राज्य राखू. त्याआधी भावाचा निकाल लावायचा, असं राजाने ठरवलं होतं.

इलिरियनांच्या युद्धानंतर राज्य पुन्हा उभं राहिलं त्याचं श्रेय राजाला देणारे भाट पुष्कळ आहेत. उभं केलं बायकांनी. बैल इलिरियनांनी नेले, तेव्हा जोडीजोडीने नांगराला खांदे लावून त्यांनी जव पेरले. रानात चुकार राहिलेल्या कालवडींतून कळप वाढवले. आता कुठे चरव्या दुधाने भरायला लागल्या, तर या दोघांना राज्य कोणाचं हे आठवलं.

दोघांनाही पाजलं होतं फिन्तोनेच. राणीला दूध नव्हतं असं नाही. राण्यांना सवड नसते. फिन्तोचा स्वतःचा पोरगा उरलंसुरलं पिऊन वाढला आणि इलिरियनांच्या युद्धात या दोघांच्या बापापुढे ढाल धरून मेला.

ती राजाच्या घरात चुलीपाशी जवाचं पीठ मळत होती. उद्याच्या बळीचं कोकरू खांद्यावर घेतलेला एक धनगर आत आला. कोकरू खाली सोडून त्याने डोक्यावरची घोंगडी मागे सारली.

"माये, पुतण्या कुठाय?"

"गेला आजोळी. तू येणार हे तुझ्या भावाला तुझ्याआधी कळलं."

गेनोआस चुलीपाशी बसला. फिन्तोने भाकरीवर चीज ठेवून त्याच्यापुढे सरकवलं. त्याची नजर दाराकडेच होती. मग तिनेच घास भरवला आणि दुसऱ्या हाताने त्याच्या केसांतली कुसळं वेचायला लागली.

"काय जट झालीय रे! माणूस आहेस की मेंढा?"

"मला मागच्या दारानं जाऊ दे."

"तिथं कुत्री बांधलीत. तुझा मागमूस उरणार नाही."

अंगणात भाल्यांचा खणखणाट झाला. कोणीतरी धनगराला ओळखलं होतं. फिन्तोने पिठाचे हात झटकले, चुलीला पाठ लावून बसली आणि पाय लांब केले.

"ये. बस."

"कुठं?"

"माझ्या मांडीवर. बघतोस काय? पहिल्यांदा बसतोयस का!"

"माये, दाढी आलीय मला!"

"अक्कल कधी येणार? बस म्हणते ना!"

आंद्रोकादास चार भालेकरी घेऊन आत आला. चुलीपाशी म्हातारी, आणि तिच्या मांडीवर गुडघे दुमडून बसलेला बाप्या. एक भालेकरी फिसकन हसला.

"माये, हे काय सोंग?"

"सोंग तुझ्या घरी. मी शरण आलेय. चुलीपाशी आहे, राजाचं लेकरू मांडीवर आहे."

"हे माझं लेकरू आहे?"

"तुझ्या बापाचं आहे. तो राजा नव्हता का? नव्हता म्हण, म्हणजे तूही ऊठ त्या आसनावरून."

"रीत तान्ह्या पोरांची आहे!"

"किती तान्ह्या? दात येईस्तोवर? दाढी येईस्तोवर? सांग ना, तुला कोणी वय मोजून दिलंय?"

राजाने भालेकऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्यातला सगळ्यात जुना लाफिर्गास म्हणाला, "राजा, माझा भाला नाही उठायचा. उद्या तू रीतीची शपथ घेणार, आणि आज हे?" बाकीच्यांनी भाले खाली केले.

आंद्रोकादासचा आवाज उतरला. "याच्यासाठी एवढं करतेस? त्यानं माझी माणसं मारली."

"तू त्याची मारलीस. मी माझ्यासाठी आलेय रे. माझ्या पोराचं मढं मला धुवायलाही मिळालं नाही. आता तुमच्यातल्या एकाचं धुवायला लावू नका. तेवढं बळ नाही माझ्यात." तिने गेनोआसचं डोकं छातीशी घट्ट धरलं. "उद्या दोघं उभे राहा. दोघं मिळून शपथ घ्या. लोकांचं काय बिघडणार आहे? एक राजा पोसतात, दोन पोसतील."

शरण आलेल्याला अभय दिलं, की राजाने हात देऊन उठवायचं असतं. आंद्रोकादासने भालेकऱ्यांना मागे सारलं. मग त्याने फिन्तोपुढे हात केला.

"मला नंतर. आधी या धोंड्याला उचल, मांड्या मेल्या माझ्या."

हात धाकट्याकडे वळला. गेनोआसने लगेच धरला नाही. त्याने आधी त्या हाताकडे पाहिलं, मग भावाच्या तोंडाकडे. मग धरला. थोरल्याने त्याला ओढून उभं केलं.

"हलका झालास," आंद्रोकादास म्हणाला. "रानात खातोस काय?"

"तुझ्या कुत्र्यांनी ठेवलं तेवढं."

"अंघोळ कर. झ्यूसपुढं असा उभा राहिलास तर बळीचं कोकरू दावं तोडून पळेल."

गेनोआस हसला आणि हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. थोरल्याने त्याच्या मानेवर हात ठेवला. दोघं तसेच बाहेर गेले, उद्याच्या शपथेला कोणता झगा कोणी घालायचा यावर आत्ताच हुज्जत घालत.

फिन्तो खालीच होती. पायांना मुंग्या आल्या होत्या, उठवत नव्हतं. दोन राजांपैकी एकालाही तिला उठवायचं सुचलं नाही. लाफिर्गासने भाला भिंतीला टेकवला आणि तिला हात दिला.